एका माहितीपुस्तिकेचें परीक्षण

परीक्षणाच्या पानांवर काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र व निबंध यांचा विचार नेहमीं होतो. परंतु ज्या पुस्तकाची पारायणें दरसाल जून महिन्यांत हजारों सुशिक्षित कुटुंबांतून चालतात, ज्यांतील एकेका ओळीवर आईबाप व मुलें मध्यरात्रीपर्यंत वाद घालतात, आणि ज्याच्या बऱ्यावाईट वाचनाचा परिणाम वाचकाच्या पुढील साऱ्या आयुष्यावर होतो, त्या पुस्तकाचें परीक्षण झालेलें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. हें पुस्तक म्हणजे कॉलेजची माहितीपुस्तिका होय. प्रस्तुत पुस्तिका आमच्याकडे अभिप्रायार्थ आलेली नाहीं. आमच्या भाचीनें कला शाखेच्या पहिल्या वर्षांत प्रवेश घेतला, तेव्हां २०० रुपये मोजून ती विकत घ्यावी लागली. आणि विकत घेतलेल्या ग्रंथाविषयीं परीक्षकास जें स्वातंत्र्य असतें, तें भेट आलेल्या ग्रंथाविषयीं नसतें, हें वाचक जाणतातच. कॉलेजचें नांव आम्ही सांगत नाहीं. भीड हें त्याचें कारण नव्हे. हीच पुस्तिका चार ओळींच्या फरकानें दुसऱ्या कितीतरी कॉलेजांच्या नांवानें छापतां येईल, म्हणून एकाच्याच माथीं दोष मारणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

प्रथम ग्रंथाची पार्श्वभूमि सांगितली पाहिजे. २०२० सालीं केंद्र सरकारनें नवें राष्ट्रीय शिक्षणधोरण जाहीर केलें. त्यास अनुसरून महाराष्ट्र सरकारनें २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानें पदवीच्या अभ्यासक्रमाचा सांगाडा ठरविला. तो स्वायत्त कॉलेजांतून २०२३-२४ पासून, व विद्यापीठांशीं संलग्न अशा इतर कॉलेजांतून २०२४-२५ पासून अमलांत आला. ह्या सांगाड्यांत विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय असतो, त्यास मेजर म्हणतात; त्याच्या जोडीस एक दुय्यम विषय असतो, तो मायनर; आणि यांशिवाय ओपन इलेक्टिव्ह म्हणून कांहीं विषय असतात, ते आपल्या विद्याशाखेबाहेरून घ्यावयाचे असतात. व्यवसायकौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा इत्यादि प्रकरणें पुढें आहेतच. अभ्यासाचें माप श्रेयांकांनीं करावयाचें. सत्रास २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२, आणि चार वर्षांच्या पदवीस १६० ते १७६. मिळविलेले श्रेयांक जमा राहावेत म्हणून एक बँकही काढण्यांत आली आहे.

गुणांचा उल्लेख आधीं करावा, ही परीक्षणाची जुनी रीत आम्ही येथेंही पाळतों; आणि ती नुसती रीत म्हणून पाळीत नाहीं. ह्या रचनेच्या मुळाशीं असलेली कल्पना थोर आहे. आमच्या पिढींत मॅट्रिकनंतर म्हणा, बारावीनंतर म्हणा, एकदां शाखा ठरली कीं मधें भिंत पडे. शास्त्राच्या विद्यार्थ्यानें नाटक वाचावें तें चोरून, आणि कलेच्या विद्यार्थ्यानें ताऱ्यांविषयीं विचारावें तें भीत भीत. ही भिंत पाडावी, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीस गणित घेतां यावें, रसायन शिकणाऱ्या मुलास मराठी काव्य समजून घेतां यावें, असें ज्या कोणास वाटलें, त्याच्या हेतूविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पुस्तिकेचें तिसरें प्रकरण ह्याच हेतूचें विवरण करतें. तें प्रसन्न भाषेंत लिहिलें असून त्यांत ‘निवड’ व ‘स्वातंत्र्य’ हे शब्द इतक्या वेळां येतात कीं, वाचतांना आम्हांस पुन्हां अठरा वर्षांचें व्हावें असें क्षणभर वाटलें.

आमच्या भाचीस मात्र तें प्रकरण वाचून काय वाटलें, तें सांगितलें पाहिजे. कारण हा ग्रंथ जिच्यासाठीं लिहिला ती वाचक ती आहे, आम्ही नव्हे. तिला अर्थशास्त्र शिकावयाचें होतें. तिच्या वडिलांच्या एका स्नेह्यांनीं तिला सांगितलें होतें कीं, अर्थशास्त्राचें वरचें शिक्षण घ्यावयाचें असेल तर गणिताची तयारी पाहिजे, नाहीं तर एम्. ए. च्या वर्गांत गेल्यावर जड जाईल. सल्ला अगदीं खरा होता. म्हणून तिनें मेजर अर्थशास्त्र, मायनर गणित, आणि शाखेबाहेरचा विषय म्हणून खगोलशास्त्राची ओळख, असा बेत केला. दुय्यम विषय दुसऱ्या शाखेचाही चालेल, असें पुस्तिकेंत स्पष्ट छापलें होतें. तिनें त्या ओळीखालीं पेन्सिलीनें रेघ मारली. ती रेघ आमच्यासमोरच्या प्रतींत अजून आहे.

विषयांची नोंदणी संकेतस्थळावर सकाळीं दहा वाजतां सुरू व्हावयाची होती. घरांतील दोन फोन व एक संगणक घेऊन आम्ही तिघेजण पावणेदहापासून बसलों होतों. दहा वाजले, आणि पान उघडेना. दहा वाजून चार मिनिटांनीं उघडलें, अर्धा फॉर्म भरल्यावर पुन्हां मिटलें. शेवटीं दहा वाजून अकरा मिनिटांनीं ती विषयांच्या यादीपाशीं पोंचली, तेव्हां खगोलशास्त्राच्या साठही जागा भरल्या होत्या. गणित यादींत दिसत होतें, पण त्यावर बोट ठेवतांच वेळापत्रकाशीं मेळ बसत नसल्याची सूचना येई. पुढें कॉलेजांत जाऊन चौकशी केली, तेव्हां उलगडा झाला. अर्थशास्त्राचे तास कला शाखेच्या सकाळच्या पाळींत, आणि गणिताचेही तास शास्त्र शाखेच्या सकाळच्या पाळींत. दोन्ही एकाच वेळीं, दोन निराळ्या इमारतींत. खिडकीपाशीं बसलेले गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, “साहेब, पुस्तकांत आहे तें धोरणाप्रमाणें आहे. चालू काय आहे, तें यादींत बघायचं.”

हें वाक्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं. धोरण आणि चालू व्यवहार यांतील अंतर इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

अखेर तिला मायनर म्हणून जो विषय मिळाला, त्याचें नांवही तिनें त्या दिवसापूर्वीं उच्चारलें नव्हतें. आणि खगोलशास्त्राच्या जागीं कार्यालयीन शिष्टाचार शिकविणारा दोन श्रेयांकांचा एक विषय आला. त्या विषयांची आम्ही निंदा करीत नाहीं. त्यांतही कोणाची आवड असूं शकेल. पण ही मुलगी ते घेऊं इच्छीत नव्हती. फॉर्मच्या अखेरीस एक चौकोन होता. वरील विषय आपण स्वखुषीनें निवडले आहेत, व पुढें त्याविषयीं आपली तक्रार राहणार नाहीं, अशा अर्थाचा मजकूर त्यापुढें होता. चौकोनांत खूण केल्यावांचून फॉर्म जात नव्हता. तिनें आमच्याकडे पाहिलें. “मामा, हें खरं नाहीं ना?” असें तिनें विचारलें, आणि वेळ संपत आली म्हणून खूण केली.

ह्या पुस्तिकेवरील आमचा मुख्य आक्षेप त्या चौकोनाविषयीं आहे. जागा थोड्या असणें हा गुन्हा नव्हे. गरीब घरांत ताटांत जें पडेल तें खावें लागतें, आणि त्यांत कमीपणा नाहीं. पण जें उरलें तें वाढून, ‘हेंच मला हवें होतें’ असें मुलाकडून वदवून घेणें, ही निराळी गोष्ट आहे. संस्थेजवळ शिक्षक नाहींत, खोल्या नाहींत, वेळापत्रक जुळत नाहीं. ही उणीव संस्थेची. त्या चौकोनांतील खुणेनें ती संस्थेच्या खात्यांतून निघून विद्यार्थ्याच्या खात्यांत जमा होते. उद्यां ही मुलगी गणितावांचून अडली, तर तिला सांगण्यांत येईल कीं, बाई, विषय तूंच निवडले होतेस.

उणीव कोठून येते, हें थोडें खोलांत जाऊन पाहिल्याखेरीज अशा टीकेस अर्थ नाहीं. आमच्या परिचयाच्या अनेक प्राध्यापकांशीं आम्ही बोललों. एखाद्या विभागांत किती शिक्षक असावेत, हें त्या विभागाच्या तासांवरून ठरतें. तास विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरतात. म्हणून ज्या विषयास विद्यार्थी कमी, त्या विषयाच्या शिक्षकाची नोकरी डळमळते. अशा स्थितींत कोणत्या टोपलींत कोणता विषय ठेवावा, हा प्रश्न मुलांच्या गरजेवरून सुटत नाहीं. कोणाचे तास भरावयाचे राहिले आहेत, यावरून सुटतो. दुसऱ्या बाजूस, निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात, आणि तेथें तासिकांवर नेमलेले तरुण शिक्षक आजचें काम करून उद्यांची काळजी वाहत असतात. अशा शिक्षकास नवा विषय उभारण्यास सांगावें कोणत्या तोंडानें? तालुक्याच्या गांवीं तर याहून कठीण. तेथें तीन विषयांचे मिळून चार शिक्षक असले, तर टोपलींत एकच फळ असतें. आणि एकाच फळांतून पाहिजे तें निवडा असें सांगितलें जातें. शहरांत निदान अकरा मिनिटें उशीर झाला म्हणून विषय गेला, असें तरी म्हणतां येतें.

तेव्हां शिक्षकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं, हें पुन्हां सांगतों. दोष हा कीं, निवडीचें वचन आधीं छापलें गेलें, आणि निवड शक्य करणारी सामग्री मागाहून येईल असें गृहीत धरलें गेलें.

निवडीच्या कल्पनेचा इतिहास ह्याबाबतींत उद्बोधक आहे. अमेरिकेंत हार्वर्ड येथें १८६९ सालीं चार्ल्स एलियट हे अध्यक्ष झाले. त्यांच्या चाळीस वर्षांच्या कारकीर्दींत पदवीच्या अभ्यासक्रमांतील सक्ति एकेक करून गळत गेली, आणि विद्यार्थ्यास आवडेल तो विषय घेण्याची मोकळीक मिळाली. पण त्याच काळांत तेथील अध्यापकांची संख्या कित्येक पटींनीं वाढली, हें विसरतां कामा नये. विषय वाढले ते शिकविणारे वाढले म्हणून. १९०९ सालीं त्यांच्यामागून लॉरेन्स लॉवेल आले. मोकळीक अति झाली, मुलें सोपे विषय वेंचून पदव्या घेतात, असें त्यांस दिसलें. म्हणून एका विषयांत खोल जावें आणि बाकीचे विषय निरनिराळ्या क्षेत्रांतून घ्यावेत, असा नियम त्यांनीं घातला. आमच्या मेजरचें व शाखेबाहेरच्या विषयांचें बरेंचसें कूळ ह्या नियमांत सांपडतें. आमच्याकडे सुधारलेली रचना एकदम आली, ती मात्र शिक्षकांची वाढ मागें ठेवून आली.

आमच्याकडचा इतिहास निराळा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ सालीं तेथून जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्यांना निवड जवळजवळ नव्हतीच. पुढें उच्च परीक्षांत संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषांस मान होता, मराठीस नव्हता. रानडे यांस तें सलत होतें. विद्यापीठांत देशी भाषांस जागा मिळावी म्हणून १९०१ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत ते खटपट करीत राहिले. त्यांना ही खटपट करतां आली, कारण नकार उघड होता. विद्यापीठ म्हणत होतें, ‘ह्या विषयास आमच्याकडे जागा नाहीं’. आणि ज्यास जागा नाहीं म्हणून स्पष्ट सांगितलें आहे, त्यासाठीं अर्ज करतां येतो, सभेंत भांडतां येतें, मतें जमवितां येतात. आज गणित घेऊं इच्छिणाऱ्या ह्या मुलीनें कोणाशीं भांडावें? पुस्तिका म्हणते, विषय आहे. यादी म्हणते, विषय आहे. वेळापत्रक तेवढें नाहीं म्हणतें, आणि वेळापत्रकाशीं वाद घालतां येत नाहीं. जुनी सक्ति कठोर होती, पण ती सक्ति आहे हें ती लपवीत नव्हती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या घरांतही आला. आमच्या वडील बंधूंचें म्हणणें असें कीं, अठरा वर्षांच्या पोरांस काय कळतें? जें मिळेल तें मन लावून शिकावें. आम्ही नाहीं का शिकलों? ह्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. न आवडलेल्या विषयानें पुढें आयुष्य उजळल्याचीं उदाहरणें आमच्या स्वतःच्या मित्रमंडळींत आहेत. पण मुलांस कळत नाहीं असें जर खरोखरच मत असेल, तर निवड मागूं नये. जाणत्यांनीं विचार करून अभ्यासक्रम ठरवावा आणि त्याची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी. किंवा कळतें असें मत असेल, तर मागितलेली निवड द्यावी. मागावयाची, द्यावयाची नाहीं, आणि दिली असें लिहून घ्यावयाचें, हा तिसरा मार्ग दोन्हीं मतांच्या लोकांनीं टाकाऊ मानला पाहिजे. कारण कॉलेजांत पाऊल टाकल्याबरोबर मुलास पहिला धडा मिळतो तो अर्थशास्त्राचा नव्हे आणि शिष्टाचाराचाही नव्हे. कागदावर खोटें लिहिल्याखेरीज पुढचें पान उघडत नाहीं, हा तो धडा होय. त्यास श्रेयांक नाहींत. पण तो पक्का बसतो.

नुसते दोष दाखवून थांबणें बरें नव्हे, म्हणून पुढील आवृत्तीसाठीं चार सूचना करतों. पहिली, धोरणाप्रमाणें शक्य असलेले विषय आणि ह्या वर्षीं खरोखर शिकविले जाणारे विषय अशा दोन याद्या निराळ्या छापाव्यात, व दुसरीस वेळापत्रक जोडावें. दुसरी, जो आधीं पोंचेल त्यास विषय, ही आगगाडीच्या डब्यांत जागा धरण्याची रीत सोडून द्यावी. ज्याच्या घरीं चांगला संगणक त्यास खगोलशास्त्र, आणि ज्याच्या गांवीं त्या सकाळीं वीज नाहीं त्यास उरलेलें, हा न्याय नव्हे. ह्याच राज्यांत इंजिनियरिंगचे प्रवेश विद्यार्थ्यांचा पसंतीक्रम घेऊन होतात. एका कॉलेजांतील विषयांसाठीं तें कां होऊं नये? शिवाय पसंत्या आधीं गोळा केल्या, तर किती मुलांस काय हवें होतें याचा लेखी पुरावा राहतो, आणि शिक्षकांच्या जागा मागतांना तो उपयोगीं पडतो. आज तो पुरावाच नाहीं. कागदोपत्रीं सारीं मुलें संतुष्ट आहेत. तिसरी, पहिले पंधरा दिवस वर्गांत बसून पाहिल्यावर विषय बदलण्याची मुभा असावी, आणि नोंदणीपूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यास एखाद्या शिक्षकापाशीं अर्धा तास बसून बोलतां यावें. चौथी सूचना अगदीं अल्पखर्चाची आहे. त्या चौकोनांतील मजकूर बदलून, ‘मला हवे होते ते विषय हे, आणि मिळाले ते हे’ असे दोन रकाने करावेत. खरें लिहिण्यास कागद तेवढाच लागतो.

आमच्या भाचीची हकीकत अपुरी ठेवणें बरें नव्हे. गणित विभागांतील एका प्राध्यापिकाबाईंनीं तिची तळमळ पाहून, दुपारीं दुसऱ्या वर्गासाठीं होणाऱ्या त्यांच्या तासास मागच्या बाकावर बसण्याची परवानगी तिला दिली आहे. परीक्षा नाहीं, हजेरी नाहीं, श्रेयांक नाहींत. आठवड्यांतून तीन दिवस ती दुपारचा डबा जिन्यावरच खाऊन तेथें जाते. वही भरत आली आहे. श्रेयांकांच्या बँकेंत त्या वहीची कोठेंही नोंद होणार नाहीं, आणि एम्. ए. च्या दारांत उद्यां ती दाखवून भागेल कीं नाहीं, हें आम्हांस सांगवत नाहीं. तिनें स्वखुषीनें निवडलेला विषय मात्र तो एकच आहे.

पुस्तिकेचा कागद गुळगुळीत, छपाई स्वच्छ, व मुखपृष्ठावरील इमारतीचें चित्र चांगलें उठलें आहे. शुद्धलेखनाच्या चुका थोड्या आहेत. शुद्धिपत्र जोडलेलें नाहीं. तें तिसऱ्या प्रकरणास जोडावें, अशी आमची विनंति आहे.